औषधाच्या वाटेतले धातू

जव्हारजवळ दाभोशाला लेंडी नदी ज्या काळ्या कातळावरून खाली झेपावते, तो सह्याद्रीचा नेहमीचा बेसॉल्ट आहे. त्याच्या वजनात आठ-दहा टक्के लोह असते आणि दहा लाख भागांत शे-दोनशे भाग तांबे. असाच कातळ झिजून झालेल्या वरकस जमिनीवर जव्हार-मोखाड्याची नागली आणि वरई पिकते. नागलीच्या शंभर ग्रॅम दाण्यात साडेचार मिलिग्रॅमच्या वर लोह भरते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात त्याच्या पाव हिस्साही नसते. म्हणजे कातळात लोह, मातीत लोह, भाकरीत लोह. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, त्यानंतर आजवर या दोन तालुक्यांची नावे कुपोषण आणि रक्तक्षयाच्या बातम्यांतून हटलेली नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. गरिबी, अपुरे अन्न, लागोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत ही त्याची कारणे आहेतच. पण एक कारण निव्वळ रासायनिक आहे. नागलीच्या तांबूस सालीतले टॅनिन आणि दाण्यातले फायटिक आम्ल लोहाला इतके घट्ट धरतात की आतड्याला त्यातले बरेचसे सोडवून घेताच येत नाही. लोह ताटात असते, पण दुसऱ्याच्या मुठीत असते.

धातू किती आहे एवढे विचारून भागत नाही, तो कोणाच्या मुठीत आहे हेही विचारावे लागते. भाकरीला लागू पडणारा हा नियम कर्करोगावरच्या औषधांनाही लागू पडतो, आणि तिथे तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. केमोथेरपीचे औषध म्हणजे पेशी मारणारे विष आणि त्याचा विषारीपणा त्या रेणूच्या अंगचाच गुण, असे आपण धरून चालतो. मला इथे उलट बाजू मांडायची आहे. यांपैकी अनेक औषधांचा विषारीपणा रेणूच्या अंगी पूर्ण नसतो. पेशीपाशी पोचेपर्यंत आणि पेशीत शिरल्यावर त्याची गाठ कोणत्या धातूशी पडते, त्यावर तो ठरतो. शरीरात हे धातू फार थोडे आहेत. प्रौढ माणसात लोह तीन-चार ग्रॅम, जस्त दोन-तीन ग्रॅम आणि तांबे जेमतेम शंभर मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. पण लोह आणि तांबे यांच्यापाशी एक गुण आहे जो जस्तापाशी नाही: ते एक इलेक्ट्रॉन सहज देतात आणि सहज परत घेतात. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा क्षार किंचित मिसळला, की एरवी टिकून राहणारे टार्टारिक आम्ल झपाट्याने मोडू लागते. त्या मिश्रणात तयार होणारे अतिक्रियाशील ऑक्सिजन-कण समोर येईल त्याला तोडतात. पेशीत समोर डीएनए असतो, प्रथिने असतात, पडद्यातली मेदाम्ले असतात. लोहाचा एक अणू हे काम पुन्हा पुन्हा करू शकतो, कारण इलेक्ट्रॉन दिल्यावर तो पेशीतूनच दुसरा मिळवतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ब्लिओमायसिन या औषधात आहे, म्हणून त्यापाशी जरा थांबू. हामाओ उमेझावा यांच्या जपानी गटाने १९६६ मध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध वेगळे काढले. हाती आलेला पदार्थ निळा होता, कारण जिवाणूच्या पोषणद्रवातले तांबे त्याने आधीच पकडून ठेवले होते. तांब्यासह टोचले की शिरांचा दाह होई, म्हणून तांबे काढून पांढरे औषध बनवले गेले. पण रक्तात शिरताच ते पुन्हा तांबे पकडते. पेशीच्या आत गेल्यावर ते तांबे सुटते आणि त्या जागी लोह येऊन बसते. लोहासह ब्लिओमायसिन डीएनएला चिकटते, हवेतला ऑक्सिजन घेते आणि डीएनएचा धागा कापते. लोह किंवा ऑक्सिजन यांतले एक जरी काढून घेतले तरी कापणे थांबते. परीक्षानळीत हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे. याचा अर्थ असा की बाटलीवर ज्याचे नाव छापले आहे ते मूठ आहे आणि पाते रुग्णाच्या शरीरातून येते. हे औषध फुप्फुसाला विशेष जाचते त्याचा उलगडाही आजूबाजूच्या परिस्थितीतच आहे. ब्लिओमायसिन निकामी करणारे विकर फुप्फुसात आणि त्वचेत कमी असते, आणि फुप्फुसात ऑक्सिजनला तर तोटाच नाही. म्हणूनच हे औषध घेतलेल्या रुग्णाला पुढे शस्त्रक्रियेत भूल देताना जास्त ऑक्सिजन देण्याबाबत डॉक्टर सावध असतात. रेणू तोच, शरीर तेच, पण अवयव बदलला की विषारीपणा बदलतो.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा पेशीच्या आतला मामला झाला. रुग्णाने काय खाल्ले, कोणते पाणी प्यायले याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असू शकतो, हे साठ वर्षांपूर्वीच दिसले आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायोसेमिकार्बाझोन या कुळातले काही पदार्थ उंदरांतल्या गाठी आटवतात असे लक्षात आले. अमेरिकेत हॅरल्ड पीटरिंग आणि त्यांचे सहकारी यांतल्याच एका पदार्थावर काम करत होते. त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या औषधाचा गाठींवरचा परिणाम उंदरांच्या आहारातल्या खनिजांवर अवलंबून असल्याचे दिसले. तांब्याचा पुरवठा वाढवला की औषधाचा जोर वाढे. पुढे कळले की खरे काम करणारा पदार्थ म्हणजे औषध आणि तांबे यांचे संयुग. औषध शरीरात जाऊन तांबे गोळा करी आणि मगच घातक ठरे. पुणे विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ सुभाष पाध्ये यांनी जॉर्ज कॉफमन यांच्यासह १९८५ मध्ये याच कुळाच्या धातुसंयुगांचा मोठा आढावा लिहिला. या विषयावर काम करणारे जगभरचे संशोधक आजही त्या लेखाचा दाखला देतात. धातू जोडल्यावर एखाद्या रेणूचे पेशीवरचे वागणे किती बदलते, हा प्रश्न पुण्यात त्या काळापासून विचारला जात आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता असे एक औषध घेऊ जे आजही रोज वापरले जाते आणि ज्याच्याबाबत मतभेद खरोखर आहेत. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध स्तनाच्या कर्करोगापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेक ठिकाणी दिले जाते, आणि त्याची एकूण मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की हृदयाचे स्नायू दुबळे होतात. या औषधाला लोह धरता येते. धरलेले लोह फेंटनच्या वाटेने ऑक्सिजन-कण तयार करते. हृदयाच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका दाटीवाटीने असतात आणि त्यांत लोह भरपूर असते. डेक्सराझोक्सेन हा लोह काढून घेणारा पदार्थ सोबत दिला की हृदय बरेचसे वाचते. १९९५ पासून अमेरिकेत तो याच कामासाठी मान्य आहे. लोहाच्या बाजूने यापेक्षा सरळ पुरावा कोणता, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. पण लोह पकडणारे दुसरे काही पदार्थ असे संरक्षण देत नाहीत, ही अडचण होतीच. २०१२ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसले की हृदयपेशीतले टोपोआयसोमरेज दोन-बीटा हे प्रथिन काढून टाकले तर डॉक्सोरुबिसिन हृदयाला फारशी इजा करू शकत नाही, आणि डेक्सराझोक्सेन नेमके याच प्रथिनालाही रोखते. मग लोहाची कथा खोटी ठरली का? माझ्या मते नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले की हे औषध तंतुकणिकांतच लोह साठवते आणि तिथले लोह कमी केले की हृदयाची इजा कमी होते. दोन्ही वाटा एकाच तंतुकणिकेशी येऊन मिळतात. एका वाटेने ती दुरुस्त करणारी जनुके बंद पडतात, दुसरीने तिच्यावर लोहाचा मारा होतो. हृदयाच्या इजेत लोहाचा वाटा आहे; सगळी जबाबदारी मात्र त्याची नाही.

सिसप्लॅटिनची गोष्ट वेगळ्या दिशेने जाते. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात बनवला होता, पण तो पेशींना विभागू देत नाही हे बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम अभ्यासताना योगायोगाने कळले. विद्युतध्रुवांतला प्लॅटिनम द्रावणात उतरत होता. महाराष्ट्रात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे असंख्य रुग्ण आज हे औषध घेतात, आणि मूत्रपिंड व कान यांवर त्याची किंमत मोजतात. इथे धातू औषधाचाच भाग आहे, मग शरीरातल्या धातूंचा प्रश्न कुठे येतो? तो वाटेत येतो. पेशीत जस्त आणि तांबे सांभाळणारे मेटॅलोथायोनिन नावाचे गंधकाने भरलेले छोटे प्रथिन असते. ते प्लॅटिनमलाही धरते, आणि ज्या पेशीत ते पुष्कळ असते तिथे सिसप्लॅटिन डीएनएपर्यंत पोचण्याआधीच अडकते. गाठीतल्या पेशींनी ते वाढवले तर औषध फिके पडते. मूत्रपिंडात ते वाढवले तर मूत्रपिंड वाचते. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना आधी बिस्मथ देऊन मूत्रपिंडातले हे प्रथिन वाढवले, आणि गाठीवरचा परिणाम न घटता मूत्रपिंडाची इजा कमी झाली. तांबे पेशीत आणणाऱ्या दारातून सिसप्लॅटिनही आत येते असे २००२ पासून मानले जाई. अलीकडे जनुक-कात्रीने ते दार काढून टाकलेल्या पेशींत औषधाचा परिणाम फारसा बदलला नाही, तेव्हा या दाराची थोरवी बरीच उतरली आहे. धातूंच्या बाजूने बोलणाऱ्याने हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

या सगळ्या युक्तिवादावर सर्वांत भक्कम आक्षेप वेगळाच आहे. यीस्टच्या पेशीत मोकळे तांबे किती असते याचा हिशेब १९९९ मध्ये मांडला गेला, आणि उत्तर आले: एका पेशीत सरासरी एक अणूही नाही. प्रत्येक अणूला हाताशी धरून नेणारी प्रथिने असतात. तांबे मोकळे सोडणे पेशीला परवडतच नाही. मग औषधाला धातू भेटतो कुठे? उत्तर पुन्हा नागलीच्या दाण्यासारखे आहे. 'मोकळा' आणि 'घट्ट बांधलेला' यांच्या मध्ये सैलसर धरलेला धातूही असतो: एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जाणारा, लहान रेणूंपाशी क्षणभर टेकलेला. लोहाचा असा सैल साठा प्रत्येक पेशीत मोजता येतो. ज्या रेणूची पकड या तात्पुरत्या हातांपेक्षा घट्ट असते, तो धातू हिसकावून घेतो. ब्लिओमायसिन नेमके हेच करते. शिवाय अनेक प्रकारच्या गाठींत आणि त्या रुग्णांच्या रक्तात तांबे नेहमीपेक्षा जास्त आढळते. वेगाने वाढणाऱ्या पेशीला लोहाची भूकही जास्त असते. म्हणजे पेशीत मोकळा धातू नाही हे मान्य करूनही तो हिसकावता येतो, आणि गाठीत तो अधिक हिसकावता येतो.

या हिशेबाची गरज जव्हारसारख्या भागाला कुठे भासते, तर वनौषधींच्या संशोधनात. या रानात हिरडा आहे, बेहडा आहे, टॅनिनने भरलेल्या कितीतरी साली आणि मुळे आहेत. अशा एखाद्या वनस्पतीचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींवर टाकायचा, निम्म्या पेशी किती मात्रेत मरतात ते मोजायचे आणि 'कर्करोगविरोधी गुणधर्म आढळले' असे लिहायचे, असे शेकडो शोधनिबंध आपल्या महाविद्यालयांतून निघतात. यांतला कळीचा तपशील बहुधा वगळलेला असतो: पेशी ज्या द्रवात वाढवल्या त्यात धातू कोणते होते? डीएमईएम नावाच्या प्रचलित पोषणद्रवात एका लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फेरिक नायट्रेट मुद्दाम घातलेले असते. आरपीएमआय-१६४० मध्ये लोह घातलेले नसते. हॅमच्या एफ-१२ मध्ये लोह, तांबे आणि जस्त तिन्ही असतात. त्यावर वासरांच्या गर्भाचे रक्तद्रव दहा टक्के मिसळतात, आणि त्यातले धातू प्रत्येक खेपेला वेगळे असतात. आता टॅनिन आणि त्यांच्या जातीची पॉलिफेनॉले अशा द्रवात टाकली, की ती धातूंच्या साहाय्याने हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. हिरव्या चहातल्या प्रमुख पॉलिफेनॉलबाबत बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० साली हे दाखवून दिले. तेव्हा बशीतल्या पेशी वनस्पतीने मारल्या की बशीतच तयार झालेल्या पेरॉक्साइडने, हे न तपासता काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. शरीरात ती पॉलिफेनॉले आतड्यातच बदलतात, रक्तात अत्यल्प पोचतात, आणि तिथे लोह ट्रान्सफेरिनच्या, तर तांबे सेरुलोप्लाझ्मिन व अल्ब्युमिन या प्रथिनांच्या ताब्यात असते.

याला उत्तर देणारेही आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातले एस. एम. हादी यांनी अनेक वर्षे असे मांडले की वनस्पतींची पॉलिफेनॉले पेशीच्या आतलेच, डीएनएपाशी असलेले तांबे चाळवतात आणि त्यातून निघालेले ऑक्सिजन-कण डीएनए तोडतात. कर्करोगपेशीत तांबे जास्त, म्हणून तिचा डीएनए आधी तुटतो. निरोगी पेशी वाचते. तसे असेल तर धातू हा बशीतला घोटाळा न राहता औषधाचाच अर्धा भाग ठरतो. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात, आणि त्यांचा निवाडा करण्याची रीत अवघड नाही. एकदा तांबे धरणारा, एकदा लोह धरणारा पदार्थ घालून प्रयोग पुन्हा करायचा. पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज घालून पुन्हा करायचा. द्रवातले धातू मोजून आकडा निबंधात लिहायचा. अर्काच्या स्वतःच्या राखेतले धातूही मोजायचे, कारण बेसॉल्टच्या मातीत उगवलेली आणि जांभ्यावर उगवलेली एकच वनस्पती सारखे धातू घेऊन येत नाही. ही चार कामे न करता 'अमुक मुळी कर्करोगावर चालते' असे छापणे मला गैर वाटते, कारण ती ओळ वाचून केमो अर्धवट सोडणारा माणूस खराखुरा असतो.

पेशी मारण्यासाठी धातूच आत सोडायचा, हा विचारही करून पाहिला गेला आहे. एलेस्क्लोमोल हा रेणू तांबे पेशीत वाहून नेतो. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगावरची त्याची मोठी चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले होते, आणि एकूण रुग्णांत फायदाही दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये उलगडले की हे तांबे तंतुकणिकांतल्या विशिष्ट प्रथिनांवर जाऊन त्यांच्या गुठळ्या करते आणि पेशी एका वेगळ्याच मरणाने मरते. पेशी श्वसनावर जगते की साखर आंबवून, यावर ती या तांब्याला बळी पडणार की नाही हे ठरते. हे आधी कळून रुग्णांची निवड तशी केली असती तर निकाल कदाचित वेगळा दिसला असता.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत धाडसी काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत झाले, आणि त्याची दिशा इतरांच्या नेमकी उलट आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांचे म्हणणे असे की केमोने मेलेल्या पेशींतून डीएनए आणि प्रथिनांचे कण बाहेर पडतात, ते जवळच्या निरोगी पेशींत घुसतात आणि दुष्परिणामांतला मोठा भाग त्यांच्यामुळे होतो. द्राक्षात सापडणारे रेसव्हेराट्रॉल आणि किंचित तांबे एकत्र दिले की ऑक्सिजन-कण तयार होऊन हे कण निष्प्रभ होतात. म्हणजे इथे तांबे औषधाचा विषारीपणा वाढवण्यासाठी नाही, घटवण्यासाठी आहे. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या, मेल्फॅलन या औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्या २५ रुग्णांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे मिश्रण न घेतलेल्या पाचही जणांचे तोंड तीव्र स्वरूपात सोलवटले. घेतलेल्या वीसपैकी आठ जणांचे. जठराच्या कर्करोगावर डोसिटॅक्सेल घेणाऱ्या रुग्णांत उलट्या, जुलाब, हातापायांची कातडी जाणे हे त्रास घटलेले दिसले, पण रक्तपेशींवरचे तीव्र दुष्परिणाम घटले नाहीत आणि अभ्यासाचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभर रुपयांत मिळणाऱ्या गोळीची बातमी देशभर गाजली तेव्हा ही दुसरी बाजू फारशी कोणी सांगितली नाही. माझी मुख्य शंका तांब्याच्या मात्रेबद्दल आहे. या अभ्यासांतल्या एका मात्रेत तांबे ५६० नॅनोग्रॅम होते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ०.९ मिलिग्रॅम तांबे लागते, म्हणजे या मात्रेच्या सोळाशे पट. जेवणातल्या तांब्याला जे जमत नाही ते एवढ्याशा तांब्याला जमावे, तर ते कोणाशी जोडून आणि कोणत्या रूपात पोटात जाते यालाच सगळे महत्त्व आले. हे अशक्य नाही. नागलीतले लोह आणि गोळीतले लोह यांच्यातही तसाच फरक असतो. पण पाच जणांच्या तुलनागटावर एवढा मोठा दावा उभा राहत नाही. मोठ्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांत तो टिकायला हवा. तोवर घरी तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊन केमोचा त्रास टळेल असे कोणी समजू नये.

अशा चाचण्या करताना रुग्णाच्या शरीरातले धातू आधी मोजावेत, असे मी म्हणतो. यावर खर्चाचा आक्षेप येईल. रक्तातले फेरिटिन, ट्रान्सफेरिनची लोहधारणा, तांबे आणि जस्त यांच्या तपासण्या स्वस्त नाहीत, पण केमोच्या एका खेपेच्या खर्चापुढे त्या जड नाहीत, आणि त्यांची सर्वाधिक गरज जव्हार-मोखाड्यासारख्या भागातून येणाऱ्या रुग्णाला आहे. इथे एका पाड्यात एका बाईचे लोह तळाला गेलेले असते, तर शेजारच्या घरात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असते. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जाते. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते, म्हणून ते यकृतात आणि हृदयात साठते. या दोघांना पुढे डॉक्सोरुबिसिन द्यायची वेळ आली तर मात्रा उंची-वजनावरून सारखीच निघेल, पण ती घेणारी हृदये सारखी नसतील. सिकलसेलच्या रुग्णाला रोज मिळणारे हायड्रॉक्सियुरिया हेही मुळात कर्करोगावरचेच औषध आहे. डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या ज्या विकराला ते बंद पाडते, त्याच्या गाभ्यात लोहाचेच दोन अणू असतात. म्हणजे धातू आणि कर्करोगाचे औषध यांची गाठ पडायला परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागत नाही. ती पाड्यावर रोज पडते.

याचा अर्थ आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा कोणी काढला तर तो घातक ठरेल. रक्तक्षय असलेल्या बाईला त्या हव्यातच. रक्तक्षय घेऊन केमो सोसणे आणखी कठीण जाते. प्रश्न वेळेचा आणि माहितीचा आहे. हृदयाला अपाय करू शकणारे केमो आणि शिरेतून द्यायचे लोह एकाच दिवशी देऊ नये, असे युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. एवढी साधी काळजी घेण्यासाठीही डॉक्टरला कळायला हवे की रुग्ण लोह घेतो आहे. ते बहुधा कळत नाही, कारण विचारले जात नाही आणि विचारले तरी काढा, भस्म, टॉनिक ही औषधे आहेत असे घरच्यांना वाटत नाही. ताम्रभस्मात तांबे असते, लोहभस्मात लोह असते, जस्ताच्या गोळीत जस्त असते, आणि हिरड्याच्या काढ्यात या तिन्हींना धरून ठेवणारे टॅनिन असते.

तेव्हा ज्यांच्या घरात कोणाला केमो सुरू आहे किंवा सुरू होणार आहे, त्यांना एवढीच विनंती आहे. घरातल्या गोळ्या, भस्माच्या पुड्या, काढ्याच्या बाटल्या आणि वैदूने दिलेली मुळी, सगळे एका पिशवीत भरा आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सिकलसेलचे कार्ड असेल तर तेही त्यात घाला, आणि आजवर रक्त किती वेळा चढवले ते एका कागदावर लिहून न्या.